पदवीला हिंदी : घेण्याआधी थोडे वाचा



पी.यू.सी.चा निकाल लागला की दरवर्षी काही पालक मुलांना घेऊन शाळेत येतात. शाळा सोडून दोन वर्षे झालेली असतात, तरी 'पुढे काय घ्यावे?' हे विचारायला त्यांची पावले दाजीबानपेठेकडेच वळतात, याचा आम्हाला आनंदच आहे. त्यांतली दोन-तीन मुले तरी ठरलेले वाक्य बोलतात. "हिंदी घेतो. लिपी आपलीच, शब्दही आपलेच. सोपे जाईल, मार्कही पडतील."

हिंदी घेण्याला आमचा विरोध नाही. उलट, घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत हिंदी असे तीन भाषांचे पाणी प्यायलेल्या मुलांनी हा विषय जरूर घ्यावा असे आमचे मत आहे. पण 'सोपा आहे' या कारणासाठी घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी जायसी आणि बिहारी समोर आले की एकदम अवघड होतो, आणि तोपर्यंत विषय बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून या अंकातले अभ्यासाचे पान आम्ही या एकाच विषयाला दिले आहे.

आधी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची एक हुशार विद्यार्थिनी सल्ला विचारायला आली. हिंदीची तिला मनापासून ओढ होती. पदवीला दोन भाषा निवडायच्या होत्या. तिने कन्नड आणि हिंदी निवडल्या, इंग्रजी सोडली. बाकीचे विषय कन्नड माध्यमातून होते. आम्ही म्हटले, "छान आहे, मन लावून कर." तिने केलेही. बी.ए. चांगल्या गुणांनी झाली, एम.ए. हिंदी त्याहून चांगल्या गुणांनी झाली. मग केंद्र सरकारच्या हिंदी अनुवादकाच्या परीक्षेची जाहिरात निघाली आणि ती अर्ज भरायला बसली. त्यात लिहिले होते : हिंदीतील पदव्युत्तर पदवी हवी, आणि पदवीला इंग्रजी हा आवश्यक किंवा ऐच्छिक विषय असावा, नाहीतर परीक्षेचे माध्यम तरी इंग्रजी असावे. तिच्याकडे यातले काहीच नव्हते. बँकेच्या राजभाषा अधिकाऱ्याच्या जागेलाही तीच अट निघाली. पाच वर्षांच्या मेहनतीनंतर एका रकान्यात लिहायला तिच्याकडे काही नव्हते. तिने आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण तो आमचाच होता. विषय निवडताना जाहिरात वाचायची असते हे आम्ही तिला सांगायला हवे होते.

तेव्हा ही पहिली गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पदवीला हिंदी घेणाऱ्याने इंग्रजी सोडू नये. हिंदीच्या नोकऱ्यांपैकी बऱ्याच नोकऱ्या दोन भाषांच्या मधल्या पुलावरच्या आहेत, आणि पुलाला दोन्ही तीर लागतात.

दुसरी गोष्ट, महाविद्यालयात 'हिंदी' या एका नावाखाली दोन वेगळे विषय असतात. एक भाषा म्हणून, ज्याला आपल्याकडे 'बेसिक' म्हणतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. कोणालाही तो घेता येतो. त्यात चार कथा, काही कविता, पत्रलेखन, थोडे भाषांतर असते. दुसरा 'ऑप्शनल', म्हणजे पदवीचा मुख्य अभ्यासविषय. त्यात साहित्याचा इतिहास, जुनी कविता, नाटक, कादंबरी, काव्यशास्त्र, भाषाविज्ञान असे सगळे येते. एम.ए. हिंदी करायची किंवा माध्यमिक शाळेत हिंदीचे शिक्षक व्हायचे, तर हा दुसरा विषय लागतो. 'मला डिग्रीला हिंदी होती' असे सांगणारी मुले भेटतात, आणि चौकशी केल्यावर ती बेसिक निघते. प्रवेश अर्जावर कोणत्या रकान्यात खूण करता ते दोनदा पाहा. कर्नाटकात 2021-22 पासून चार वर्षांच्या पदवीची पद्धत आली होती. 2024-25 पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी सुरू केली. त्यामुळे थोरल्या भावाने जे विषय ज्या नावाने घेतले, तेच धाकट्याला त्याच नावाने मिळतील असे धरून चालू नका.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू.

शाळेत आपण शिकतो ती खडी बोली, म्हणजे दिल्ली-मेरठकडच्या बोलीवर उभी राहिलेली प्रमाण हिंदी. पण या बोलीत मोठ्या प्रमाणावर कविता लिहिली जाऊ लागली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, महावीरप्रसाद द्विवेदी 'सरस्वती' मासिकाचे संपादक झाल्यावर. द्विवेदींनी ते काम 1903 साली हाती घेतले. त्याआधीची कविता बहुतेक ब्रज आणि अवधी या भाषांत आहे. सूरदास ब्रजमध्ये, तुलसीदासांचे 'रामचरितमानस' अवधीत, जायसीचे 'पद्मावत' अवधीत, बिहारीचे दोहे ब्रजमध्ये. आपल्याला ज्ञानेश्वरी वाचताना जशी टीप लागते तशीच इथेही लागते. 'हिंदी सोपी' म्हणणाऱ्यांची दांडी इथेच उडते.

मात्र हुबळी-धारवाडच्या मुलांना ब्रज अगदीच परकी नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही एवढेच. हिंदुस्थानी संगीतातल्या बंदिशी बहुतांशी ब्रजमध्ये आहेत. कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि त्यांच्या शिष्या, आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल (1913-2009), यांचे गाणे या भागातल्या घरांत पिढ्यानपिढ्या ऐकले गेले आहे. 'मोरा', 'तोरी', 'मानत नाहीं' असले शब्द संगीताच्या क्लासला जाणारी आपली मुले रोज गातात, अर्थ न विचारता. पुढच्या वेळी अर्थ विचारा. ब्रजचा पहिला धडा तिथेच होईल.

दुसरी ओळख शिवजयंतीची. भूषण कवीचे छंद आपल्याकडे ध्वनिक्षेपकावर लागतात आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण भूषणाचे 'शिवराजभूषण' हा अलंकारशास्त्राचा ग्रंथ आहे, हे किती जणांना ठाऊक असते? एकेका अलंकाराचे लक्षण सांगायचे आणि उदाहरणाला छंद रचायचा, ही त्या काळच्या हिंदी कवींची रीत होती. इतर कवी उदाहरणाला बहुधा नायक-नायिकेचे प्रसंग घेत. भूषणाने शिवाजी महाराज घेतले. रीत तीच, विषय वेगळा. पदवीच्या वर्गात हा फरक समजला की लहानपणापासून ऐकलेला छंद नव्याने ऐकू येतो. आम्हाला विचाराल तर या विषयातला खरा आनंद हाच आहे.

याच ठिकाणी सनांचा घोटाळा होतो, तो सांगून ठेवतो. हिंदी साहित्याच्या इतिहासाचा मूळ ग्रंथ म्हणजे आचार्य रामचंद्र शुक्ल यांचा, 1929 सालचा. त्यातले कालखंड विक्रम संवतात आहेत : भक्तिकाल संवत 1375 ते 1700, रीतिकाल 1700 ते 1900. आपल्या मराठी ग्रंथांत मात्र शक असतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, संवतातून 57 वजा केले की येतो. 'रामचरितमानस' संवत 1631 मध्ये सुरू झाले, म्हणजे 1574 साली. 'शिवराजभूषण' संवत 1730 चे, म्हणजे 1673 चे, राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीचे. मराठी मुले सवयीने 78 मिळवतात आणि तुलसीदासांना थेट पेशवाईत नेऊन बसवतात. उत्तरपत्रिकेत हे शोभत नाही.

दखनीबद्दलही दोन शब्द. आपल्या बाजारात 'मेरेको नक्को', 'आजच आया' अशी हिंदी कानावर पडते आणि आपण तिला बिघडलेली हिंदी म्हणून हसतो. 'नक्को' हा मराठी 'नको'च आहे, आणि 'आजच' मधला 'च' सुद्धा मराठीतूनच गेला. दखनी ही स्वतःची जुनी परंपरा असलेली भाषा आहे. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज यांचे नाव तिच्या इतिहासात अगदी आरंभी येते. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याचा 'किताबे-नौरस' हा गीतसंग्रह याच भाषेत असून त्यात सरस्वतीची स्तुती आहे. उर्दूवाले तिला आपली म्हणतात, हिंदीच्या इतिहासातही तिला जागा आहे. ज्यांना पुढे संशोधन करायचे आहे त्यांनी लक्षात ठेवावे की, उत्तरेतल्या विद्यार्थ्याला पुस्तकात शोधावी लागणारी भाषा आपल्या दुकानाच्या फळीसमोर उभी असते. परीक्षेत मात्र 'मैं किताब पढ़ा' असे लिहू नका.

का लिहू नये, ते आता नीट समजून घेऊ, कारण मराठी मुलांचे सर्वाधिक गुण याच एका जागी जातात. मराठीत आपण म्हणतो, 'त्याने पुस्तक वाचले', पण 'मी पुस्तक वाचले'. पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषी 'ने' लागत नाही. हिंदीत तो लागतो : 'उसने पुस्तक पढ़ी', 'मैंने पुस्तक पढ़ी', 'तूने पुस्तक पढ़ी'. नियम असा की सकर्मक क्रियापद भूतकाळात, म्हणजे क्रिया झाल्याच्या अर्थी आले की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हाच आपला कर्मणी प्रयोग. आणि 'मैंने लड़की को देखा' यात कर्माला 'को' लागला म्हणून क्रियापद कोणाचेच ऐकत नाही. हाच आपला भावे प्रयोग, 'मी मुलीला पाहिले'. मराठीत ते अशा वेळी नपुंसकलिंगी होते, हिंदीत नपुंसकलिंग नाही म्हणून पुल्लिंगी होते. प्रयोगाचा धडा ज्याने आठवी-नववीत मनापासून केला त्याला हे एका तासात समजते. ज्याने पाठ करून सोडून दिला त्याला तीन वर्षे छळते. हिंदीचे प्रमाण व्याकरण लिहिणारे कामताप्रसाद गुरू यांनीही कर्तरि, कर्मणि, भावे ही प्रयोगांची नावेच वापरली, आणि ग्रंथ रचताना मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ची मदत घेतली. म्हणजे हिंदी व्याकरणाच्या वर्गात आपण पाहुणे म्हणून जात नाही.

नियमाला अपवाद आहेत. 'लाना' आणि 'भूलना' यांना कर्म असले तरी 'ने' लागत नाही. 'मी पुस्तक आणले' याचे हिंदी 'मैं पुस्तक लाया', आणि मुलगी बोलत असेल तर 'मैं पुस्तक लाई'. इथे मराठी सवय नेमकी उलट ओढते.

लिंगाचा प्रश्न याहून चिवट आहे. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. कन्नडमध्ये तर निर्जीव वस्तू सगळ्याच नपुंसकलिंगी. आपल्या मुलांच्या डोक्यात या तीन व्यवस्था एकाच वेळी चालू असतात. मराठीतले नपुंसकलिंगी शब्द हिंदीत कुठे जातात? घर, पाणी, दूध, शरीर, मन, फूल हे पुल्लिंगात जातात. पुस्तक, दुकान, नाक हे स्त्रीलिंगात जातात. त्यामुळे हिंदीत 'दुकान खुली' आणि 'नाक कटी'. पण खरा धोका आहे तो आपल्याला ज्यांची खात्री वाटते त्या शब्दांत. आत्मा, देह, मृत्यू, विजय, अग्नी, ऋतू, आवाज हे सगळे मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. 'मेरी आत्मा', 'हमारी विजय', 'उसकी आवाज़'. उलट 'व्यक्ती' आपल्याकडे स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी : 'एक व्यक्ति आया'. शब्द पाठ करताना एकटा करू नये, 'मेरा' किंवा 'मेरी' जोडूनच करावा. आम्ही वर्गात हे करून पाहिले आहे. महिन्याभरात फरक दिसतो.

लेखनातले भेद लहान, पण रोजचे. मराठीत 1962 च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटची इ आणि उ दीर्घ लिहितो : कवी, शक्ती, गुरू. हिंदीत तत्सम शब्द संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व : कवि, शक्ति, गुरु. हिंदीत 'ळ' नाही, कमळाचे कमल होते. 'पढ़ना', 'घोड़ा' यांखाली टिंब हवे. 'ज्ञान' आपण 'द्न्यान' म्हणतो, हिंदीवाले 'ग्यान' म्हणतात. तोंडी परीक्षेत याची आठवण ठेवावी.

आणि फसवे शब्द. दिसायला तेच, अर्थ निराळा. यांत पहिला मान 'शिक्षा' या शब्दाचा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. 'शिक्षा मंत्री' म्हणजे मुलांना उठाबशा काढायला लावणारा मंत्री नव्हे! 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, 'अभ्यास' म्हणजे सराव, 'समाधान' म्हणजे प्रश्नाचे उत्तर, 'प्रकृति' म्हणजे निसर्ग, 'खाली' म्हणजे रिकामे. 'राजीनामा' हिंदीत समझोता, नोकरी सोडण्याला 'इस्तीफ़ा' म्हणतात. हुबळीच्या मुलांना यात कन्नडची भर पडते. 'उपन्यास' कन्नडमध्ये व्याख्यान, हिंदीत कादंबरी. 'अवसर' कन्नडमध्ये घाई, हिंदीत संधी. 'अनुमान' कन्नडमध्ये संशय, हिंदीत अंदाज. सर्वांत मजेदार जोडी 'संसार' आणि 'प्रपंच' यांची. मराठीत दोन्ही म्हणजे घरदार, बायकापोरे. कन्नडमध्ये संसार म्हणजे घरदार आणि प्रपंच म्हणजे जग. हिंदीत संसार म्हणजे जग आणि प्रपंच म्हणजे बहुधा खटपटी, फसवेगिरी. एकाच संस्कृत मुळातून निघून तीन घरी तीन अर्थांनी नांदणाऱ्या या शब्दांकडे जो कुतूहलाने पाहील, त्याने भाषाविज्ञानाचा पेपर अर्धा जिंकला.

पालक विचारतात, मराठी मुलाला हिंदीवाले आपले मानतील का? याचे उत्तर इतिहासात आहे. संत नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि हिंदी साहित्याच्या इतिहासात निर्गुण भक्तीचा विषय निघाला की त्यांचे नाव घ्यावेच लागते. माधवराव सप्रे (1871-1926) यांनी 1900 साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक सुरू केले. त्यांची 1901 ची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले, आणि 1924 साली ते हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर 'आज' या दैनिकाचे नामवंत संपादक होते. हिंदी पत्रकारितेचा अभ्यास त्यांच्यावाचून होत नाही.

पण सर्वांत जवळचे उदाहरण गजानन माधव मुक्तिबोध यांचे. जन्म 1917, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर. घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहू लागले आणि मराठीचे महत्त्वाचे कवी व समीक्षक झाले. थोरल्याने हिंदी धरली. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले. गजाननरावांनी शाळामास्तरकी केली, वृत्तपत्रांत काम केले, आणि एम.ए. हिंदी केली ती नागपूर विद्यापीठातून, वयाची पस्तिशी उलटल्यावर. मग 1958 मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. 1964 साली ते वारले. त्यांचा पहिला कवितासंग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्याच वर्षी निघाला, तो हाती घेऊन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आज हिंदीचा कोणताही गंभीर अभ्यासक्रम त्यांच्यावाचून पुरा होत नाही. ज्या पालकांना वाटते की एकदा शिक्षण सुटले की संपले, त्यांनी त्या पस्तिशीनंतरच्या एम.ए.कडे पाहावे.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. ओमप्रकाश वाल्मीकि अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत शिकायला आले, मराठी दलित साहित्याशी त्यांची इथे ओळख झाली, आणि पुढे 1997 साली त्यांचे 'जूठन' हे आत्मकथन हिंदीत आले. कन्नड रंगभूमीचे बी. व्ही. कारंत यांनी बनारस हिंदू विद्यापीठातून हिंदीत एम.ए. केली होती, आणि गिरीश कर्नाड यांचे 'तुघलक' हिंदी रंगभूमीवर गेले ते कारंतांच्या भाषांतरातून. कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्ही समजणारा माणूस अशा कामाला हवा असतो. तो आपल्या पेठेत जितक्या सहज सापडेल तितका दिल्लीत सापडणार नाही.

आता पोटापाण्याचे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत, रेल्वेत आणि बँकांत राजभाषेचे काम 1963 च्या कायद्यानुसार आणि 1976 च्या नियमांनुसार चालते. त्या नियमांत कर्नाटक 'ग' क्षेत्रात येते. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय 2003 पासून आपल्या हुबळीतच आहे, त्यामुळे हे काम कसे असते ते मुलांना दूर न जाता कळू शकेल. कनिष्ठ अनुवादकाच्या जागेसाठी एम.ए. आणि वर सांगितलेली इंग्रजीची अट यांखेरीज भाषांतराची पदविका किंवा दोन वर्षांचा अनुभव लागतो. शाळेत शिकवायचे तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा, महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए.नंतर नेट. जागा थोड्या आणि अर्ज फार, हे आम्ही लपवत नाही. राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड उत्तम हवीच. हिंदीच्या नादात कन्नडकडे दुर्लक्ष करणारा मुलगा स्वतःच्याच घराचे दार लावून घेतो.

एक गैरसमज मात्र दूर करू. आपल्याकडे अनेक मुले, आणि अलीकडे मुलांच्या आईसुद्धा, दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा देतात. गांधीजींच्या प्रेरणेने 1918 मध्ये मद्रासला सुरू झालेली ही संस्था 1964 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. तिची कर्नाटक शाखा धारवाडला आहे, तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनही चालते. परिचय, प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, प्रवेशिका, विशारद, प्रवीण अशी ही पायऱ्यांची वाट फार उपयोगी आहे. पण 'प्रवीण झालो म्हणजे बी.ए. झालो' हे खरे नाही. अशा परीक्षांना मान्यता आहे ती त्या त्या पातळीच्या हिंदी ज्ञानापुरती, संपूर्ण पदवी म्हणून नव्हे. प्रवीणचे प्रमाणपत्र हाती असलेल्या मुलाने बी.ए. करावीच; त्याला ती इतरांपेक्षा सोपी जाईल.

कुठे करावी? वीस किलोमीटरवर धारवाड आहे. तिथले कर्नाटक कॉलेज 1917 चे, कर्नाटक विद्यापीठ 1949 चे, आणि विद्यापीठाचा हिंदी विभाग एम.ए. आणि पुढच्या संशोधनासाठी आहे. जाहिरातींमधली चमक पाहून दूरच्या अनोळखी संस्थेला पैसे पाठवण्याआधी एकदा धारवाडला जाऊन यावे. दुकान सांभाळून शिकणाऱ्यांना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचीही वाट आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. ग्रंथालयात हिंदीचे कपाट आहे, पण त्यात गोष्टींची पुस्तकेच जास्त आहेत. शुक्लांचा इतिहास, कामताप्रसाद गुरूंचे व्याकरण, एक मोठा हिंदी शब्दकोश, प्रेमचंदांचे 'गोदान', मोहन राकेश यांचे 'आषाढ़ का एक दिन', रेणूंचे 'मैला आँचल' आणि मुक्तिबोधांचा संग्रह एवढी पुस्तके घेतली तर माजी विद्यार्थ्यांनाही शाळेत येण्याचे निमित्त मिळेल. शेजारी दामल्यांचे मराठी व्याकरण ठेवावे. दोन्ही उघडून बसणारा एखादा तरी निघेल.

नववी-दहावीच्या मुलांसाठी सराव. पुढील वाक्ये हिंदीत लिहा आणि येत्या शनिवारी मधल्या सुट्टीत वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत या. पालकांनीही करून पाहायला हरकत नाही.

1. माझे पुस्तक दुकानात राहिले.
2. मी काल दही आणले, पण तू ते खाल्ले नाहीस.
3. ती व्यक्ती घाईत होती, म्हणून तिने मला ओळखले नाही.
4. शिक्षा झाली नाही म्हणून त्याला समाधान वाटले.
5. आईने संसार सांभाळून पदवीचा अभ्यास केला.

तिसऱ्या वाक्यातली 'ती व्यक्ती' प्रत्यक्षात बाई आहे की पुरुष, असा प्रश्न गेल्या खेपेला एका मुलाने विचारला होता. हिंदीत त्याने काही फरक पडत नाही. पण ते तसे का, हे वहीत लिहून आणा.